नवरीकडचे सतरा थर

यंग्सटाउन, ओहायो
सोमवार, २४ सप्टेंबर १९५६

व्हेस्टे,

पोचले. हाडं सगळी जागेवर आहेत, फक्त बूड सपाट झालंय. चौदा तास बस. शेजारी एक बाई बसली होती, तिनं तीन तास मला स्वतःच्या पित्ताशयाची कथा ऐकवली आणि उतरताना म्हणते, "तुम्ही फार कमी बोलता हो." मी! तू असतीस तर हसून बाकाखाली गेली असतीस.

अगं, पण काय गाव आहे! नदीच्या काठानं मैलच्या मैल पोलादाचे कारखाने, धुराडी अशी लागून उभी की मध्ये कोंबडी शिरायची नाही. दिवेलागणीला आभाळ लालभडक झालं तशी मी ड्रेमाचा हात धरला, म्हटलं, "पोरी, पळ, कुणाचं तरी धान्याचं कोठार पेटलंय." ती म्हणाली, "आजी, हे रोजचंच." रोजचं! आपल्याकडे एक गंजी पेटली तर दहा वर्षं बोलतात. इथं आभाळ रोज पेटतं आणि माणसं जेवायला बसतात. धुण्याच्या दोरीवर काळी भुकटी बसते. बायका आधी दोरी पुसतात, मग कपडे वाळत घालतात. मी म्हटलं, वैताग नाही का येत? तर एक शेजारीण म्हणाली, "धूर यायचा थांबेल त्या दिवशी वैतागू." खरंय. धूर म्हणजे नवऱ्याचं काम चालू.

बाजारात एक पाच मजली दुकान आहे. त्यात जिना आपला आपण चालतो. आपण नुसतं उभं राहायचं. मी चार वेळा वर गेले, चार वेळा खाली आले. पाचव्या वेळी तिथला पोशाखवाला बाप्या आला, "काही घ्यायचंय का, आजीबाई?" म्हटलं, "घेतेय की. वारा." ड्रेमा तोंड फिरवून टोप्या बघत उभी राहिली, जसं काही मी तिची कुणीच नाही.

मला नवऱ्या मुलाच्या घरी उतरवलंय. ड्रेमाची खोली म्हणजे एक खाट आणि एक खिडकी, त्यात मी मावत नाही. मुलगा कार्माइन बरा आहे. मान जाड, बोलणं कमी, भट्टीवर काम करतो, पायपुसण्यावर पाय पुसतो. घर त्याच्या आजीच्या मुठीत. फिलोमिना नाव. इटलीहून आलेली, माझ्याच वयाची, उंचीनं माझ्या खांद्याला, आवाजानं माझ्या दुप्पट. इंग्रजी तेवढंच बोलते जेवढं भांडायला लागतं. सगळे तिला नोन्ना म्हणतात, म्हणजे आजी. मला नावानं हाक मारत नाही. "ए केंटकी, बस. ए केंटकी, खा."

ह्या घरात स्वयंपाकघरं दोन. वरचं चकचकीत, त्यात कुणी पाणीसुद्धा उकळत नाही. खाली तळघरात दुसरं, तिथं सगळं शिजतं, तिथंच सगळे जेवतात. मी विचारलं, मग वरचं कशाला? म्हातारी माझ्याकडे अशी बघायला लागली जसं मी विचारलं, नाक कशाला?

आता कामाचं. लग्न १३ ऑक्टोबरला, शनिवारी. काल जेवताना म्हातारीनं विचारलं, "नवरीकडून किती माणसं?" ड्रेमा पटकन म्हणाली, "खूप आहेत, नोन्ना. पण लांब आहेत." मग मी म्हातारीला सांगितलं की आमच्या डोंगरात लग्नाला प्रत्येक घर एकेक पातळ थर भाजून आणतं, मध्ये सुकवलेल्या सफरचंदांचा गर भरून ते एकावर एक रचतात, आणि केक जितका उंच तितकी नवरीच्या मागं माणसं. म्हातारीनं मान हलवली. तिला ते पटलं. म्हणाली, "तर मग बघू."

रात्री भांडी पुसताना मी ड्रेमाला म्हटलं, व्हेस्टाआजीला लिहू का थरांचं? ती एकच बशी पुसत राहिली. म्हणाली, "आजी, माझ्यासाठी कोण भाजणार?"

विसरले नाहीये मी. दोन वर्षांपूर्वी एस्टिल बर्चेटशी हिचं लग्न ठरलं तेव्हा बावीस घरांनी थर भाजले होते, आणि ही कार्टी तीन दिवस आधी बसमध्ये बसून निघून आली. एस्टिलची आई हेस्टर, तिच्या ओसरीवर ते बावीस थर पडून राहिले आणि शेवटी तिच्या डुकरांना घातले. पण आईमागं ह्या पोरीला मी वाढवलीय, आणि नवरीच्या मागं रिकामी भिंत दिसलेली मला चालणार नाही. तू घरोघरी जा. दहा थर आले तरी पुरे. पण आले पाहिजेत. त्या बुटकीनं "तर मग बघू" म्हटलंय.

ऑर्लीना

~

टर्की ओढा, केंटकी
२९ सप्टेंबर

प्रिय ताई,

पत्र मिळालं. इथं पाऊस नाही. मक्याची कणसं तोडून झाली. तुझ्या कोंबड्या बऱ्या आहेत, ती लंगडी मात्र खुडूक बसलीय आणि जवळ गेलं की चोच मारते. तुझी गाय मला दूध देताना मागं वळून बघते. तुला शोधत असेल, किंवा मला शिव्या देत असेल.

थरांचं म्हणशील तर बुधवारी प्रार्थनेनंतर सगळ्या बायका देवळाच्या पायऱ्यांवर होत्या तेव्हा मी सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. कुणी नाही म्हणालं नाही. मग दोन दिवस मी घरोघरीही जाऊन आले. हेस्टरच्या दारावरून मात्र गेले नाही, पलीकडच्या वाटेनं वळले. लोकांना कामं आहेत, हंगाम आहे, पण तू काळजी करू नकोस. थर येतील.

पुढच्या शनिवारी मेल्विन गावी येतोय. तो तिथंच कारखान्यात लागलाय ना, रविवारी गाडीनं परत जाईल. त्याच्याबरोबर खोका पाठवते.

चालत्या जिन्यावर जपून. तुझा झगा लांब आहे.

व्हेस्टा

ता.क. मैदा जरा जास्तच लागणार असं दिसतंय. तुझ्या डब्यातला घेतला तर चालेल ना?

~

यंग्सटाउन
बुधवार, ३ ऑक्टोबर

व्हेस्टे,

मैदा घे, डबा घे, हवी तर गाय घे. कुणी नाही म्हणालं नाही, हे वाचून मी तळघरात नाचले. बायका जिभेनं वाईट असतात पण हातानं वाईट नसतात, हे मी नेहमी म्हणते. (कधी म्हटलं नसेल तर आता म्हणते.)

आता खाली बस. हातात दुधाचं भांडं असेल तर ठेव. मी इथं एक करून बसलेय.

आठवडाभर मी बघत होते, शेजारपाजारच्या बायका पत्र्याचे डबे घेऊन येतात आणि तळघरातल्या फळ्यांवर ठेवून जातात. कुणी इटलीची, कुणी स्लोव्हाकियाची, एक ग्रीक, मिशावाली. ड्रेमाला विचारलं, काय गं हे? म्हणाली, "लग्नासाठी भाजून आणतात, आजी. प्रत्येकजण." प्रत्येकजण! मला असं भरून आलं! म्हटलं, बघा, समुद्रापलीकडची माणसं, देव वेगळा, जेवण वेगळं, पण लग्नाला थर आणायचं कळतं. रविवारी सगळी मंडळी चर्चला गेली. म्हातारी म्हणाली चल, पण मी ह्या कॅथलिक घंटावाल्यांच्या देवळात जात नाही. घरी एकटी. डबे उघडून बघितले. बाकीच्यात गोळे, शंकरपाळ्यासारखं काहीबाही, पण म्हातारीच्या स्वतःच्या डब्यांत निघाले अगदी गोल, पातळ, सारखे, बडीशेपेच्या वासाचे, वर जाळीची नक्षी. आणि सगळे कोरडे! एकालाही गर लावलेला नाही! मंगळवारी बायका नवरीला भेटी द्यायला जमणार होत्या. तुला माहितीय, थर मुरायला दोन दिवस लागतात. मी मनात म्हटलं, म्हातारी विसरली. वय झालंय बिचारीचं.

मी येताना आणलेली ती सुकवलेल्या सफरचंदांची पिशवी शिजायला टाकली. दालचिनी, काकवी, सगळं. आणि मंडळी परत येईपर्यंत बारा-बारा थरांचे वीस केक रचून टेबलावर ओळीनं मांडून ठेवले. इतके देखणे की मी स्वतःच खुर्ची ओढून समोर बसले.

म्हातारी जिना उतरली. टोपी अजून डोक्यावर.

"काय केलंस?"

"मदत."

"कुणी सांगितलं?"

"मला सांगायला लागत नाही."

तिनं एक थर अलगद उचलला, माझ्या कानाजवळ आणला आणि वाकवला. "ऐक," म्हणाली. मी ऐकलं. काहीच आवाज नाही. मग मागच्या फळीवर एकच कोरडा राहिला होता तो आणून मोडला. कट्! "हे पित्सेले," म्हणाली. "हे" (वाकलेला माझ्या नाकासमोर धरून) "हे फडकं." मग ती तिच्या भाषेत सुरू झाली. मला एक शब्द कळला नाही पण व्हेस्टे, कळलं सगळं.

झालं असं की ह्यांच्यात थर नसतातच. लग्नात एक लांबलचक टेबल मांडतात, त्यावर दोन्हीकडच्या आज्या, आत्या, मावश्यांनी भाजलेली बिस्किटं. अर्धं टेबल नवऱ्याचं, अर्धं नवरीचं. पाहुणे आधी टेबल बघतात, मग नवरी. ही दोनशे चाळीस पित्सेले म्हातारीनं तीन आठवडे भाजली होती, आणि ती लग्नाची होती, मंगळवारची नव्हे. ड्रेमा जिन्यात उभी होती. पांढरीफटक. "आजी," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ते वीस केक कार्माइन डब्यांत भरून कारखान्यावर घेऊन गेला. एका पाळीत संपले, आणि माणसं विचारत होती अजून आहेत का. मी हे म्हातारीला ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, "ती माणसं पोलादसुद्धा खातील."

मग मी म्हटलं, मी मोडलंय, मी भरून देते. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि लोखंड हातात दिलं. लांब दांड्याचा चिमटा, पुढं दोन गोल चकत्या. मध्ये पीठ घालून गॅसवर धरायचं, एका वेळी एक. तिच्या आईचं आहे, बोटीतून आणलेलं. एका चकतीवर गव्हाची लोंबी कोरलेली, तिचा एक दाणा तुटका. मी हसले तर म्हणाली, "हसू नको. ही सही. दुनियेत कुठं हे पित्सेल सापडलं, तुटका दाणा बघून मी सांगेन, माझ्या घरचं." मला आपल्या आईचा बिडाचा तवा आठवला, तुझ्याकडे आहे तो, तळाला वाटाण्याएवढा खळगा असलेला. त्यात भाजलेल्या प्रत्येक थराला पोटावर बेंबी येते. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हं. लोखंड खोटं बोलत नाही."

एक बाजू किती वेळ धरायची? तर मरियेची एक प्रार्थना होईपर्यंत. मी म्हटलं, मी ती म्हणणार नाही, माझा बाप थडग्यातून उठेल. म्हणाली, "मग करपव." तेव्हा मी आपल्या गायी म्हणायला लागले. डेझी, पेट, म्हातारी ब्लू, ती तिरळी, डेझीची डेझी, विजेनं मेली ती, आणि सध्याची. सात गायी, की उलटायचं. आणि काय सांगू, असा सोनेरी रंग! म्हातारीनं एक उचलून मोडलं. कट्! बराच वेळ तोंड हलवत राहिली. मग विचारलं, "कुठला संत हा, डेझी?"

शंभर झालीत. एकशे चाळीस राहिलीत. मंडळी रोज मला खाली बघायला येतात, जत्रेतल्या अस्वलासारखी. आणि खरं सांगू? लग्नघर असं असावं. आयुष्यात इतकी मजा आली नव्हती. काल कार्माइनच्या आजोबानं अंगणातलं अंजिराचं झाड वाकवून, चिंध्या गुंडाळून, खड्ड्यात निजवून वर माती घातली. जिवंत झाड पुरलं! म्हटलं, काय गुन्हा केला त्यानं? म्हणाला, "थंडीत झोपतं. ईस्टरला उठतं." असली माणसं.

पण आता ऐक. माझी सफरचंदं संपली. खोक्यात थरांबरोबर सुकी सफरचंदं घाल, मोठी पिशवी. आणि नवरीचं अर्धं टेबल अजून कोरं आहे. सगळा भरवसा त्या खोक्यावर आहे. ड्रेमानं रोज विचारणं बंद केलंय, आणि ते मला जास्त टोचतं.

ऑर्लीना

~

टर्की ओढा
रविवार, ७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी हसले आणि मग लाजले आणि मग पुन्हा हसले. दोनशे चाळीस! आई असती तर तिनं तुला चुलीच्या लाकडानं हाणलं असतं.

मेल्विन बाहेर गाडीचा भोंगा वाजवतोय म्हणून थोडक्यात. खोक्यात सतरा थर आहेत. प्रत्येक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलाय आणि वर पेन्सिलीनं घराचं नाव घातलंय. लवीना, ऑपल, थेल्माच्या घरचा, पाद्रीबाई, ओढ्यापलीकडचे दोघे भाऊ (त्यांच्या बहिणीनं भाजला), सगळे आहेत. सगळ्यांनी ड्रेमाला आशीर्वाद सांगितलाय. सफरचंदं खाली आहेत, माझ्या कौलावर वाळवलेली. एक-दोन माश्या असतील तर झटकून घे.

हात जरा भाजलाय म्हणून अक्षर असं आलंय. काही विशेष नाही. दोन दिवस चुलीपाशी जरा जास्त उभी होते, इतकंच. लाकूडफाटा संपत आलाय, पण मेल्विनचा धाकटा फोडून देईल.

खोका उलटा धरू नका असं मेल्विनला तीन वेळा सांगितलंय. त्याला मी ओळखते, तू उघडून बघशील तेव्हा समजेल त्यानं ऐकलं का.

व्हेस्टा

~

यंग्सटाउन
सोमवार, १५ ऑक्टोबर

व्हेस्टे,

लग्न झालं. आधी ते सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. ड्रेमा उभी राहिली, हो म्हणाली, ह्या वेळी बसमध्ये बसली नाही. मी दाराशीच बसले होते, उठली असती तर झगा धरला असता. हो, गेले मी त्या घंटावाल्यांच्या देवळात. बापाला सांगू नकोस.

आता खोक्याचं. मेल्विननं तो सोमवारीच आणून दिला, सरळ धरून, नवलच म्हणायचं. मी गुरुवारपर्यंत उघडला नाही, कारण केक त्याच दिवशी रचायचा होता, आणि म्हटलं, सगळ्यांसमोर उघडीन. त्या टेबलावर नवऱ्याकडच्या बायकांनी काय काय आणलं होतं म्हणून सांगू! अक्रोडाचे चंद्र, जर्दाळूच्या पुड्या, गुलाबी आयसिंगचे गोळे, पीच फळासारखी दिसणारी बिस्किटं, लाजरी, गाल लाल. मोजली कुणी नाही, पण पाच हजारांच्या आत नसतील. आणि नवरीच्या अर्ध्या टेबलावर पांढरं कापड, इस्त्री केलेलं. सुरकुतीसुद्धा नाही झाकायला.

गुरुवारी सकाळी तळघरात नऊ बायका. मी खोका टेबलावर ठेवला आणि एकेक उलगडायला लागले. "हा लवीनाकडचा," मी म्हटलं, "हिनं ड्रेमाला चालायला शिकवलं." (शिकवलं नाही, पण शिकवलं असतं.) "हा ऑपलचा. हा पाद्रीबाईंचा." बायका माना डोलवत होत्या. मिशावाली डोळे पुसायला लागली.

चौथा थर उलटा ठेवायला गेले तर पोटावर एक जागा दिसली. वाटाण्याएवढी, चाकूनं खरवडलेली. तिसरा उलटा केला. तिथंही. पहिला. तिथंही.

व्हेस्टे, बेंबी खरवडली तरी तिची जागा जाते का गं?

मी वर बघितलं तर म्हातारी माझ्याकडेच बघत होती. ती माझ्या शेजारी उभी होती, एक थर तिच्या हातात, अंगठा नेमका त्या जागेवर. जिला मी आठ दिवसांपूर्वी बेंबीची गोष्ट सांगितली होती तीच ही. म्हटलं, आता संपलं. आता ही बोलणार आणि नऊ बायकांसमोर माझ्या पोरीचं सगळं खोरं एका तव्यात मावणार.

तिनं तो थर खाली ठेवला आणि माझ्यावर खेकसली. "काय थांबलीस, केंटकी? पुढचं नाव काय?"

मी पुढचं नाव वाचलं. तिनं थर हातात घेऊन सगळ्यांना दाखवला, बेंबीची बाजू स्वतःच्या पोटाकडे. मग पुढचा. शेवटी आधी उलगडलेलेही. सोळा वेळा. प्रत्येक वेळी "आहा, हा छान," "आहा, हिचा हात चांगला." एकाच हाताला सोळा वेळा चांगला म्हणाली, आणि खोटं बोलली नाही.

ड्रेमा जिन्यावरून खाली आली होती. तिनंही एक थर उचलला. तुझ्या त्याच तव्यावर ती भाकरी करायला शिकली, तिला काय सांगायचं! अंगठा फिरवला, जागेवर थांबली. मग माझ्या हातातून कागद घेतला आणि उरलेली नावं तिनंच वाचली, मोठ्यांदा, एकेक. तिघी बायका, तिघींना ठाऊक, आणि एकही बोलली नाही. असला प्रकार मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

सतरावा मात्र वेगळा निघाला. कागदावर नाव नाही. पोटावर बेंबी नाही, खरवडलेलं नाही. इतरांच्या दीडपट जाड, एका कडेनं करपलेला. ड्रेमा म्हणाली, "आजी, हा कुणाचा?" मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं तेवढं एक खरं होतं. तो सगळ्यात जाड म्हणून सगळ्यात खाली घातला. बाकीचे सोळा त्याच्यावर उभे राहिले.

गर घालून रचला. कोपरापासून बोटांपर्यंत उंच. मी शेवटचा हात फिरवतेय तर म्हातारी फळीकडे गेली, डबा उघडला, एक पित्सेल काढलं. तिनं भाजलेलं नव्हे, मी भाजलेलं, गायींवर मोजलेलं. ते सगळ्यात वर मध्यभागी ठेवलं, टोपीसारखं. मी म्हटलं, "अगं, मऊ पडेल ते. फडकं होईल." म्हणाली, "होऊ दे. नवरीकडचे सतरा. आणि एक माझ्या घरचं. अठरा."

"सही आहे त्याच्यावर," मी म्हटलं.

"म्हणून तर," ती म्हणाली. आणि लगेच ओरडली, "आता सगळ्या वर चला, काम नाही का कुणाला!"

शनिवारी हॉलमध्ये माणसांनी ते टेबल असं लुटलं जसं उद्या बिस्किटं बंद होणार आहेत. ॲकॉर्डियन वाजत होतं, नाच चालला होता, आणि चांगल्या घरच्या चांगल्या बायका हातरुमालात अक्रोडाचे चंद्र बांधून पिशवीत घालत होत्या. मी पण घातले. आपला केक सगळ्यात उंच म्हणून लोक येऊन बघत होते आणि कार्माइनचा आजोबा तिथंच खुर्ची टाकून सगळ्यांना सांगत होता, "एकेक थर, एकेक घर! सगळा डोंगर आलाय!" सगळा डोंगर त्या वेळी तुझ्या घरी हाताला लोणी लावून बसला होता.

शेवटी तळाचाच थर उरला. जाड, करपलेला, कुणाला कापेना. ड्रेमानं झगा सावरून खुर्ची ओढली आणि तो स्वतः खाल्ला, करपलेल्या कडेसकट. मी म्हटलं, सोड गं तेवढी कड. म्हणाली, "नाही आजी. हा कुणीतरी खरंच आणलाय."

तर आता सांग. सोळा घरांचं मला कळलं, त्यावर मी तुला काही बोलणार नाही. समोर असतीस तर बोलले असते. हात बरा झाला का तेवढं लिही, आणि खोटं लिहू नकोस, मला तुझं अक्षर कळतं. पण सतरावा कुणाचा?

मी आणखी पंधरा दिवस राहतेय. म्हातारीला थरांचा केक शिकायचाय. तशी म्हणत नाही ती, म्हणते, "ते फडकं कसं करतेस, दाखव."

ऑर्लीना

~

टर्की ओढा
शुक्रवार, १९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

हात बरा आहे. खरंच. खपली धरलीय.

सोळा घरी मी गेले होते. सोळाही जणींनी चहा दिला, बसायला दिलं, आणि म्हणाल्या, एकदा भाजला होता, व्हेस्टा. एवढंच. रागानंही नाही. त्यांचंही चुकलं असं मला वाटत नाही. पण तुझा मैदा होता, आईचा तवा होता. बेंब्या खरवडल्या तेव्हा वाटलं, झालं काम. तू त्या बाईला बेंबीचं आधीच सांगून ठेवलंयस हे तुझ्या पत्रात वाचलं तोवर थर गुंडाळून झाले होते. तुझ्या पोटात कधी काही राहिलंय का?

सतरावा शनिवारी संध्याकाळी आला. मेल्विनच्या खोक्याला मी दोरी बांधत होते. फाटक वाजलं, बघते तर हेस्टर बर्चेट. ओसरीवर चढलीसुद्धा नाही. फडक्यात गुंडाळलेला थर कठड्यावर ठेवला. मी म्हटलं, "हेस्टर, नाव घालू का?" म्हणाली, "नाव नको. गेल्या वेळचा माझ्या डुकरांनी खाल्ला. हा माणसांच्या तोंडी लागला तर बघ." आणि गेली.

तुझं पत्र काल आलं. आज सकाळी मी तिच्याकडे गेले, ह्या वेळी पुढच्याच वाटेनं. ती ओसरीवर घेवडा सोलत होती. मी सांगितलं, तुझा थर सगळ्यात खाली घातला, सगळा केक त्यावर उभा राहिला, आणि शेवटी ड्रेमानं स्वतः खाल्ला, सगळा.

ती सोलत राहिली. एस्टिल आत होता, खोकला. मग हेस्टर म्हणाली, "करपला होता ना?"

मी म्हटलं, "एका कडेनं."

"चूल नवी आहे," ती म्हणाली. "तिला सांग. पुढच्या खेपेला नाही करपणार."

व्हेस्टा